तीनघरवाडीची वेस

माझं नाव गयाबाई. माहेर माझं मिरजगावच्या अंगाला, चांगलं दोनशे उंबऱ्याचं गाव, गावाला दगडी वेस, वेशीच्या दोन बाजूला दोन ओटे, एकावर म्हातारी मानसं बसायची आनि दुसऱ्यावर कुत्री. तेरा वर्साची हुते तवा लगीन झालं आनि मी तीनघरवाडीत आले. गाडीतनं उतरले आनि म्हनले गाव कुठं हाय. सासू म्हनली, हेच की. मी हिकडं बगते, तिकडं बगते, एक लिंब, एक हीर, आनि माळावर कुनाच्या हातनं सांडावी तशी घरं. म्हनले, आत्याबाई, आत शिरायचं कुठनं. ती म्हनली, आत शिरायला भाईर कुठं हाय, उतर आनि चुलीला लाग.

पयली तीन घरं हितं आली, सांगवीत कायतरी भांडान झालं म्हनून गाव सोडून, तवापासनं हे नाव. आता सव्वीस घरं हायती, तरी नावात तीनच. मावळतीला देऊळसांगवी, दीड कोस. उगवतीला खैरपिंपरी, मधी एक वढा, बिडी पेटवून निघालेला मानूस ती विझायच्या आत पिंपरीत पोचतो. पन आमी सांगवीचे. रेशन सांगवीला, तलाठी सांगवीला, मत सांगवीला, लोहार सुतार सांगवीचे, पिठाची गिरनी सांगवीला. पिंपरीला आमच्या लेकी दिल्यात, तिथल्या सुना आनल्यात, पन कागदावर पिंपरी परकी. आनि सांगवीत आमाला कुनी वाडीवाले म्हनत न्हवतं, शेपूट म्हनायचे. बाजारात दिसलं की, काय शेपूट, कवा आलं. हासून म्हनायचे, आमी बी हासायचो. वीस वर्सं मी हासले, काय सांगू तुमाला.

आता पोळ्याचं सांगते, कारन सगळं तिथनं निघालं. पोळ्याला बैलं धुवायची, शिंगं रंगवायची, गोंडे बांदायचे, आनि दुपार कलली की वेशीम्होरं रांगंत उभी करायची. वेशीला आंब्याच्या पानाचं तोरन. पाटलाची जोडी पुढं जाती, तोरन तुटतं, पोळा फुटला म्हनून आरडा हुतो, मंग मागनं मानापरमानं बाकीची. वाडीची बैलं सगळ्यात शेवटी. घरी आमी बाया पुरनपोळ्या झाकून बसायचो, बैलाला ववाळल्याबिगर आमच्यात घास मोडत न्हाईत, आनि बैलं परत येईस्तवर दिवस बुडायचा. सांगवीचं जेवन उरकून तिथली मानसं पान खात बसलेली असायची तवा आमचा पोळा घरी यायचा.

बहात्तर सालात पाऊसच न्हाई. मिरगाचा गेला, आर्द्राचा गेला, पोळा आला तरी माळ नुसता पत्र्यावानी. वाडीत सात जोड्या ऱ्हायल्या हुत्या, त्यांच्या बरगड्या मोजाव्या. आमच्या मालकाला ताप, म्हनून पवळ्या आनि हिऱ्याला घिऊन मी गेले. बाई बैलं घिऊन आली म्हनून कुनी काय बोललं न्हाई, शेपटाच्या बी शेपटाला कोन बघतंय. उन्हात उभं. पोळा फुटंना. का, तर पाटलानं आपली बैलं पाटपान्याच्या भागात सोयऱ्याकडं चरायला धाडली हुती, ती यायची हुती, आनि ती आल्याबिगर तोरनाला कुनी हात लावायचा न्हाई. सगळं गाव थांबलं. पानी न्हाई, सावली न्हाई. आनि माझा पवळ्या खाली बसला. लई म्हातारा न्हवता, पन त्याला उभं ऱ्हायाचं व्हईना. मी शेपूट पिळलं, पाठ थापटली, घामानं वला झालेला पदर तोंडाला लावला. आनि त्याच वख्ताला पाटलाची बैलं आली, झुली घातलेली, अंगावर मास असलेली, आनि ती आली आमच्याच बाजूनं, मागनं. वाट अरुंद. पाटलाचा गडी म्हनला, वाटंतलं मढं हालवा. मी म्हनले, मढं न्हाई, जिता हाय. तो म्हनला, मंग उठव. चार जनांनी मागच्या पायाला कासरा बांदला आनि वढून बाजूला केला, खरखर करत, धोंड्यावरनं. पोळा फुटला. सगळी आरडली. तिसऱ्या दिशी पवळ्या गेला.

मी तवा आत्याबाईला म्हनले, पुढच्या पोळ्याला ह्या वाडीचं एक जनावर सांगवीच्या रांगंत उभं ऱ्हानार न्हाई. ती म्हनली, मंग पोळा कुठं फोडतीस, चुलीत? वेस लागती त्याला. मी म्हनले, बांदू. ती म्हनली, ताप मालकाला आलाय का तुला.

तोवर दुष्काळी काम निघालं. सांगवी ते पिंपरी रस्ता, आमच्या वाडीवरनं. सगळी वाडी खडी फोडायला. माळावरचे धोंडे येचायचे, ढीग करायचे, हातोड्यानं फोडायचे, मुकादम लाकडी मापानं मोजून घ्यायचा. डोळ्यात कपच्या जायच्या, हाताची सालपटं निघायची, आनि दुपारी परदेशातनं आलेल्या मिलो जोंधळ्याची भाकरी, लाल, पान्यात भिजवली तरी गळ्याखाली उतरंना. म्होरं वढ्यावर मोरी बांदायला घेतली, रस्त्याखालनं पानी जायला दगडी बांदकाम. त्यावर मिरजगावचा रहिमान मिस्तरी हुता. त्याच्या हाताखाली दगड द्यायला बाया पायजे हुत्या, मी गेले. मी नुसतं दगड देत न्हवते, बघत हुते. चार दिसांनी मिस्तरी म्हनला, गयाबाई, दगड द्यायचा सोडून बघती काय? मी म्हनले, चाचा, हा आडवा दगड मधीच का घातला? तो म्हनला, तो आतल्या न् भाईरच्या दगडाला धरून ठेवतो, त्याच्याबिगर भिंत फुगती. म्हनले, मला शिकवा. तो हासला. म्हनला, बाईनं गवंडीकाम केलेलं मी कुठं बघितलं न्हाई. मी म्हनले, मंग आता बघा.

त्यानं शिकवलं. छन्नीनं दगडाचं तोंड कसं काढायचं, भिंत सरळ हाय का बघायला ओळंबा कसा सोडायचा, सांद्यावर सांदा येऊ द्यायचा न्हाई. लई रागीट हुता, दगड वाकडा बसला की लाथनं पाडायचा, म्हनायचा, परत. म्हैनाभर मी परत परत ऐकत हुते.

बाजारच्या दिशी कामाला सुट्टी असायची. त्या दिशी आमी वेस बांदायला घेतली. पयल्यांदा आमी चार बाया. गडी लिंबाखाली बसून बघायचे. आमचं मालक म्हनले, उगा हासं करून घिऊ नका. तिसऱ्या बाजाराला पाया भरला, जोतं वर दिसाय लागलं, तवा गडी उठले. कुनी बी आपल्या तोंडानं चुकलो म्हनलं न्हाई, गप येऊन दगड उचलला. जागा दगडूबाबानं दावली. वाडीतला सगळ्यात म्हातारा, आमच्या चुलतसासऱ्याच्या नात्यातला. तो म्हनला, वेस शिवेवर पायजे, पिंपरीकडनं येनाऱ्याला कळलं पायजे की हितनं तीनघरवाडी लागली. आनि त्यानं बाभळीपासनं पावलं टाकली, काठी रवली, म्हनला, ही शीव. त्याच्या म्होरं कोन बोलतंय.

दीड पुरुस उंच दोन खांब झाले. वरनं बाभळीचं आडवं तुळवट टाकायचं ऱ्हायलं हुतं तवा सांगवीचं पाटील आलं, घोडीवरनं. खाली न उतरताच म्हनलं, काय चाललंय. मी म्हनले, वेस. पाटील म्हनलं, वेशीला तटबंदी लागती, गाव लागतं. हे काय, माळात दोन खांब. मी म्हनले, पाटील, तुमची तटबंदी पडून किती पिढ्या झाल्या? तुमची बी दोन खांबंच हायती. मालक मागनं माझा पदर वढत हुते. पाटील म्हनलं, सांगवीच्या शिवेत दुसरी वेस व्हनार न्हाई. म्हनून टाच मारली आनि गेलं.

पुढच्या आठवड्यात लोहार यायचा बंद झाला. कुऱ्हाडी, कुदळी बोथट. मंग गिरनीवाला म्हनला, वाडीचं दळान घ्यायचं न्हाई असं सांगून ठिवलंय. बाया घाबरल्या. मी म्हनले, गिरनी काय सांगवीलाच हाय का? आनि डोक्यावर पाटी घिऊन मी पिंपरीच्या गिरनीला गेले. येताना पाच जनी मागं हुत्या. आत्याबाई मातुर रोज बडबडायची, सून न्हाई ही, आग हाय, सगळ्या वाडीचं तोंड पोळंल.

मंग पाटलानं तालुक्याला अर्ज दिला. मोजनीवाला आला, साखळी घिऊन, नकाशा घिऊन, संगं सांगवीचा तलाठी. सांगवीची वीसपंचवीस मानसं बघायला, पाटील बी त्यात. पिंपरीचे बी आले, कोंडीबा नाना, तिथलं सरपंच, त्यांच्या मागं धाबारा जन. मोजनीवाला म्हनला, शिवेचा धोंडा कुठं हाय. दगडूबाबा म्हनला, हाय की, बाभळीच्या खाली, काळा, गुडघ्याएवढा. गेले, बघितलं, धोंडा न्हाई. माळभर खडीचे खड्डे हायती, धोंडा न्हाई. सगळे हिकडं तिकडं बघाय लागले. मी माझ्यासंगं खडी फोडनाऱ्या जोडीदारनीकडं बघितलं, तिनं मान खाली घातली. काळा, गुडघ्याएवढा, अर्धा मातीत गाडलेला. आमीच उकरला हुता खडीला. दोघींनी दोन दिस फोडला, लई चांगली खडी निघाली हुती, मुकादम बी म्हनला हुता, अशी खडी रोज आना.

मी म्हनले, साहेब, शीव रस्त्यात गेली. तो म्हनला, म्हंजे? म्हनले, फोडली मी. त्या मोरीच्या पलीकडं कुठंतरी पसरलीय. आधी कुनी हासलं न्हाई. मंग कोंडीबा नाना हासले आनि मंग सगळा माळ हासला, मोजनीवाला बी पागोट्याचं टोक तोंडाला लावून हासला.

त्यानं नकाशावरनं साखळी टाकली. लांबच्या दोन धोंड्यापासनं मोजत आला. उन्हं उतरली तवा त्यानं खुंटी ठोकली. बाभळ, जिच्यापासनं दगडूबाबानं पावलं टाकली, ती शिवेवरची बाभळच न्हवती, ती मागनं उगवलेली, जुनी कवाच तुटली हुती. शीव अलीकडं. आमची वेस अठरा पावलं खैरपिंपरीत.

सांगवीची मानसं हासून लोळायची बाकी. दुसऱ्याच्या गावात आपली वेस! शेपटानं शिंगं काढली ती बी शेजारनीच्या डोक्यावर! दगडूबाबा खाली बसला, दोन्ही हात डोक्याला. पाटील कोंडीबा नानाला म्हनलं, नाना, तुमच्या हद्दीत हाय, पाडून टाका. कोंडीबा नाना गप वेशीपाशी गेलं, खांबावर हात फिरवला, म्हनलं, पाडायची का? चांगली वेस हाय. आमच्या हद्दीत हाय तर आमची हाय. हात लावून दावा कुनी. पाटलाचं तोंड बघन्यासारखं झालं. आनि मंग नाना आमच्याकडं वळून म्हनलं, तुमी काळजी करू नगा, पोळ्याला या हितं, आमची बैलं गेली की मागनं तुमची.

आमची मानसं खूश. हात जोडले नानाला. घरी येताना सगळी बोलत हुती, सुटलो बाबा सांगवीतनं. लिंबाखाली बसली सगळी तवा मी म्हनले, शेपूट हिकडचं सोडवून तिकडं जोडलं, त्यात सुटलो कुठं? मालक म्हनले, अगं, त्यांनी वाचवली वेस. मी म्हनले, वाचवली, उपकार झाले, लेकी दिल्यात त्यांना, आनखी बी दिऊ. पन मागनं तुमची हे मी ऐकून घेनार न्हाई, न सांगवीचं न पिंपरीचं. दगडूबाबा म्हनला, मंग काय करती? मी म्हनले, वेस उचलायची. अठरा पावलं हिकडं आनायची. एक गडी म्हनला, म्हंजे परत सांगवीच्या हद्दीत? पाटील पाडतो की. मी म्हनले, आपल्या हद्दीत पाडूदे. दुसऱ्याच्या हद्दीत पाव्हन्यावानी उभी ऱ्हान्यापेक्षा बरं.

आत्याबाई उठली. सत्तरीची, कंबरंत वाकलेली. म्हनली, मी ह्या वाडीत येऊन साठ वर्सं झाली आनि रोज दुसऱ्याच्या दारातनं आत आले. तू आग हाईस हे खरं हाय. पन ह्या वेळंला सांदा नीट धर.

पोळ्याला नऊ दिस हुते. त्र्याहत्तरचा पाऊस, आदल्या वर्साचा राग काढल्यावानी पडत हुता. एका दिसात खांब उतरवले. कुठला दगड कुठं हुता ते कळावं म्हनून बायांनी कोळशानं खुना केल्या, कुनाला लिहता येत न्हवतं, कुनी फुली, कुनी चांदनी, कुनी कुंकवाचं बोट. नानाला जाऊन सांगून आले. नाना रागावले, म्हनले, आमच्या वेशीत काय काटे हुते का? मी म्हनले, काटे न्हवते नाना, वेस तुमची हुती एवढंच. मंग नाना म्हनले, गाडी देतो दगडाला. मी म्हनले, अठरा पावलाला गाडी कशाला. पन दुसऱ्या दिशी त्यांची चार मानसं आली आनि दिसभर दगड वाहिले.

आनि तिसऱ्या दिशी असा पाऊस की कोळशाच्या खुना धुऊन गेल्या. सगळे दगड सारखे. मंग जो हातात येईल तो लावला. रहिमान मिस्तरी मिरजगावाहनं बघायला आला, एक खांब दुसऱ्यापेक्षा रुंद झालेला, तो म्हनला, गयाबाई, ही वेस न्हाई, ही गोधडी हाय. मी म्हनले, चाचा, लाथ मारून बघा. त्यानं खरंच मारली. पाय चोळत म्हनला, ऱ्हाईल.

पोळ्याच्या दिशी सांगवीहनं गाड्या भरून मानसं आली, आमी पडतो का ते बघायला. पाटील बी आलं. तोरन बांदलं, बैलं उभी. आनि कुनी पुढं हुईना. पयल्या तीन घरातल्या तिघांची भांडनं, मान माझा, न्हाई माझा, माझा आजा आधी आला, तुझा आजा मागनं गाडीत झोपून आला. हातघाईला आले. पाटील मिशीत हासत म्हनलं, बघा, मान कुनाचा हे ठरवायला शेवटी आमीच लागतो.

मला असं झालं की आता हीच वेस अंगावर पाडून घ्यावी. मी मधी गेले, म्हनले, ज्यानं पयल्यांदा पाया भरला त्याचा मान. ज्याला वाटतं मी भरला त्यानं हात दावा. तवा गडी लिंबाखाली बसले हुते, हे सगळ्यांना ठावं. बायांचे हात सगळ्यांनी बघितले हुते, कातडं निघून परत आलेलं. मी म्हनले, मंग कासरे हिकडं द्या. मालक पयल्यांदा माझ्या बाजूनं बोलले. म्हनले, द्या तिला, दिल्याबिगर ती घरात जेवू देनार न्हाई. हासले सगळे. दगडूबाबानं आपल्या बैलांचे कासरे आत्याबाईच्या हातात दिले. बैल जागचं हालंनात, त्यांना म्हातारीचा हात ठावा न्हवता. मंग त्यांना तिच्या हाताला पुरनाचा वास आला. ती पुढं, बैलं मागं, हात चाटत, वासरावानी. तोरन तुटलं. आमचा आरडा पिंपरीला ऐकू गेला. मंग अशी एकेक करत साऱ्या बायांनी जोड्या काढल्या, आनि त्या दिशी दिवस मावळायच्या लई आधी वाडी जेवली.

आता सांगवीचा लोहार येतो, कवा येतो कवा न्हाई. पाटील बोलत न्हाईत, नगा बोलू. गेल्या म्हैन्यात तालुक्याहनं कागद आला, विनापरवाना बांदकाम काढून टाका म्हनून. शाळेतल्या मास्तरकडनं वाचून घेतला. मास्तर म्हनला, बाई, घाबरू नगा, मुदत हाय. मी म्हनले, घाबरतंय कोन, वर नाव कुनाचं लिवलंय तेवढं परत वाचा. वर लिवलं हुतं, ग्रामस्थ, तीनघरवाडी. सांगवी न्हाई, पिंपरी न्हाई. इतक्या वर्सात सरकारनं पयल्यांदा आमाला हाक मारली ती पाडा म्हनायला. असूदे. हाक तर मारली.

येऊदेत पाडायला. पाडायला एक दिस लागतो, मला ठावं हाय, मी पाडलीय. आनि बांदायला आठ. दगड आमच्याच माळाचे, ते काय कुनी कचेरीत घिऊन जात न्हाई. सव्वीस घरातल्या अठरा बायांना आता ओळंबा धरता येतो.

च्या संपवा, गार झाला. पिंपरीची गाडी धरायची असंल तर निघा, सुखी ऱ्हावा. लिंबाकडनं एक जवळची वाट हाय, सगळी तिकडनंच जातात, पन तुमी वेशीतनं जावा.